युरोपीय संघाचा अंतर्गत नकाशा नव्याने आखताना

जर्मनीतील आखेन शहराच्या दक्षिणेला म्युत्सेनिश नावाचे एक गाव आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते जवळच्या मोन्शाउ या जर्मन नगरपालिकेत मोडते, पण गावातून मोन्शाउला निघालेला माणूस वाटेत काही पावले बेल्जियममधून चालतो. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानुसार फेन्बान हा रेल्वेमार्ग बेल्जियमकडे गेला आणि त्याबरोबर रुळांखालची जमीनही गेली. त्यामुळे रुळांच्या पलीकडे अडकलेले जर्मनीचे पाच तुकडे आजही नकाशावर आहेत. पुढे गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले गेले आणि त्या जागी आखेनपासून लक्झेंबर्गपर्यंत सुमारे १२५ किलोमीटरचा सायकलमार्ग झाला. रेष मात्र जागची हलली नाही. जे काम करण्यासाठी ती आखली होती ते काम संपून अनेक दशके लोटली आहेत.

युरोपीय संघाच्या अंतर्गत सीमा कल्पनेने नव्याने आखण्याचा छंद अनेकांना असतो. भूगोलाचे आणि राज्यशास्त्राचे विद्यार्थी तो अभ्यास म्हणून करतात, नकाशाप्रेमी विरंगुळा म्हणून. बहुतेकांची सुरुवात रंगीत पेन्सिलीपासून होते आणि तिथेच घोटाळा होतो. रेष आखण्यापूर्वी तिला काम नेमून दिले पाहिजे, हे या मार्गदर्शिकेचे मुख्य सूत्र आहे आणि पुढची प्रत्येक पायरी त्याच्याच आधाराने मांडली आहे.

रेषेचे काम ठरवणे

संघाच्या नकाशावर दिसणाऱ्या रेषा एका जातीच्या नाहीत. पहिली रेष सत्तावीस सदस्य देशांची. दुसरी देशांतर्गत स्वशासनाची, म्हणजे जर्मनीची राज्ये, पोलंडच्या व्हॉयव्होडशिप (म्हणजे प्रांत) किंवा स्पेनचे स्वायत्त प्रदेश, ज्यांना निवडून आलेली सभागृहे आणि स्वतःचे अर्थसंकल्प असतात. तिसरी रेष केवळ आकडेवारीची. तिला ‘नट्स’ म्हणतात. हे प्रादेशिक सांख्यिकी घटकांच्या फ्रेंच नावाचे लघुरूप असून त्याचा खाद्यपदार्थाशी संबंध नाही. १९७०च्या दशकात संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने, म्हणजे युरोस्टॅटने, ही वर्गवारी वापरात आणली आणि २००३च्या १०५९ क्रमांकाच्या नियमाने तिला कायद्याचा आधार मिळाला. १ जानेवारी २०२४पासून लागू असलेल्या आवृत्तीत पहिल्या स्तरावर ९२, दुसऱ्या स्तरावर २४४ आणि तिसऱ्या स्तरावर १,१६५ घटक आहेत.

या तीनपैकी कोणती रेष हलवायची, हे कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवावे. देशाची सीमा हलवायची तर तह लागतो. असे क्वचित घडते, पण घडते: बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी २०१६मध्ये करार करून म्यूज नदीच्या सरळ केलेल्या पात्रामुळे भलत्या काठावर राहिलेले जमिनीचे तुकडे एकमेकांना दिले आणि १ जानेवारी २०१८ रोजी ती अदलाबदल अमलात आली. स्वशासनाची रेष त्या त्या देशाच्या संविधानाच्या हातात असते. संघाच्या मूळ कराराच्या चौथ्या कलमानुसार प्रादेशिक व स्थानिक स्वशासनासह सदस्य देशांच्या मूलभूत रचनेचा आदर करणे संघाला बंधनकारक आहे, त्यामुळे ब्रुसेल्समधून कोणाचा प्रांत तोडता किंवा जोडता येत नाही. ‘प्रदेशांचा युरोप’ ही घोषणा १९८०-९०च्या दशकांत बरीच गाजली आणि तिच्या लाटेत १९९४मध्ये प्रादेशिक समितीही कामाला लागली, पण ही समिती सल्ला देते, सीमा आखत नाही. आकडेवारीची रेष त्या मानाने लवचिक असून साधारणपणे दर तीन वर्षांनी तिच्यात दुरुस्ती होऊ शकते. नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

माणसे मोजणे

नट्सच्या पहिल्या स्तरावरील घटकाची लोकसंख्या ३० ते ७० लाख, दुसऱ्या स्तरावर ८ ते ३० लाख आणि तिसऱ्या स्तरावर दीड ते ८ लाख असावी, असे नियम सांगतो. नकाशा पाहणाऱ्याला लगेच शंका येते, कारण सुमारे सात लाख वस्तीचे ब्रेमेन आणि एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपासचे नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन ही दोन्ही जर्मन राज्ये पहिल्याच स्तरावर बसवलेली आहेत. याचे कारण असे की, आधीपासून अस्तित्वात असलेल्या प्रशासकीय घटकांच्या बाबतीत त्या वर्गाची देशातील सरासरी पाहिली जाते. एखादा घटक केवळ आकडेवारीसाठी नव्याने जोडून तयार केला असेल, तर मात्र त्या एकेका घटकाला मर्यादा पाळावी लागते आणि सवलत मिळते ती बेटे किंवा दूरस्थ भूप्रदेश यांसारख्या विशेष परिस्थितीत. आपल्या काल्पनिक प्रदेशालाही हाच नियम लावावा. केवळ मोठ्या शहराचे नाव हवे म्हणून पन्नास लाखांचा दुसऱ्या स्तरावरील प्रदेश काढू नये.

कामाची साधने फुकट मिळतात. युरोस्टॅट सर्व स्तरांच्या सीमा नकाशाच्या फाइलींच्या रूपात उपलब्ध करून देते आणि ‘क्यूजीआयएस’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडता येतात. प्रक्षेप, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची रीत, निवडताना क्षेत्रफळ न बिघडवणारा, युरोपसाठी ठरवलेला ३०३५ क्रमांकाचा प्रक्षेप घ्यावा. शाळेच्या भिंतीवरील नकाशांची सवय झालेल्या डोळ्यांना स्वीडन आणि फिनलंड नेहमी आहेत त्यापेक्षा मोठे वाटतात आणि मग त्यांचे तुकडे पाडण्याचा मोह होतो. नट्सच्या तिसऱ्या स्तराखालची वीट म्हणून स्थानिक स्वराज्य संस्थांचा स्तर घ्यावा, मात्र ही वीट देशागणिक वेगळ्या मापाची असते, हे विसरू नये. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत, तर डेन्मार्कने २००७च्या सुधारणेत २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या. विटांच्या मापातील हा फरक खटकत असेल, तर जनगणनेवरून तयार केलेली एक चौरस किलोमीटरच्या चौकटींची लोकसंख्या वापरावी. चौकटींना कोणत्याही देशाची सवय लागलेली नसते.

नकाशाच्या कोपऱ्यात वर्गवारीची आवृत्ती लिहून ठेवावी. आल्सास जुन्या तक्त्यांत ‘एफआर ४२’ या संकेताखाली सापडते आणि नव्या तक्त्यांत ‘एफआरएफ १’ म्हणून. ग्रीसचा संकेत ‘जीआर’ नसून ‘ईएल’ आहे. अशा बारीक गोष्टींमुळे दोन आठवड्यांची बेरीज चुकते आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

पैसा कोणत्या रेषेवरून वाहतो

या पायरीवर थोडे थांबावे लागेल, कारण युरोपातील गेल्या पंचवीस वर्षांतील बऱ्याच सीमा इथेच हलल्या आहेत. संघाच्या प्रादेशिक विकास निधीचे वाटप नट्सच्या दुसऱ्या स्तरावर ठरते. २०२१-२७ या कालखंडात खरेदीशक्तीनुसार काढलेले दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असेल, तर प्रदेश ‘कमी विकसित’ ठरतो, ७५ ते १०० टक्क्यांमध्ये ‘संक्रमणातील’ आणि त्यावर ‘अधिक विकसित’. कमी विकसित प्रदेशातील प्रकल्पाच्या खर्चात संघ ८५ टक्क्यांपर्यंत वाटा उचलतो, अधिक विकसित प्रदेशात तो वाटा साधारण ४० टक्क्यांवर येतो. म्हणजे एक जिल्हा रेषेच्या या बाजूला घेतला की त्या बाजूला, यावर पुलाचे आणि सांडपाण्याच्या प्रकल्पाचे पैसे कोण भरणार ते ठरते.

आयर्लंडचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९९०च्या दशकात देशाची भरभराट झाली आणि संपूर्ण आयर्लंडला एक प्रदेश मानले तर सर्वोच्च मदत हातची जाणार, हे दिसू लागले. सरकारने देशाचे दोन भाग पाडण्याचा प्रस्ताव मांडला आणि गरीब भागात पंधरा काउंट्या (म्हणजे जिल्हे) घातल्या, त्यांत क्लेअर आणि केरी याही होत्या. युरोस्टॅटने या दोघींना बाहेर काढले. क्लेअर लिमरिकबरोबरच्या आणि केरी कॉर्कबरोबरच्या आधीच्या प्रादेशिक घटकात होती, त्यामुळे सोयीसाठी त्यांना तिथून उचलून दुसरीकडे ठेवता येईना. शेवटी तेरा काउंट्यांचा सीमा, मध्य व पश्चिम प्रदेश मान्य झाला आणि २०००पासून त्याला निधी मिळाला. यातून आपल्यासाठी नियम निघतो तो असा: मधल्या स्तराची वीट फोडून वरच्या स्तराची भिंत उभी करू नये. तशी फोडायची असेल, तर आधी मधल्या स्तराची पुनर्रचना करून दाखवावी.

हंगेरीत हेच थोड्या वेगळ्या रीतीने घडले. बुडापेस्ट आणि त्याला वेढून असलेली पेश्त काउंटी मिळून एक प्रदेश होता आणि राजधानीच्या श्रीमंतीमुळे पेश्तमधील गावेही कागदोपत्री श्रीमंत ठरत होती. १ जानेवारी २०१८पासून दोघांना वेगळे केले गेले आणि पुढच्या कालखंडात पेश्त कमी विकसित प्रदेशांच्या यादीत आली. त्याच दुरुस्तीत पोलंडने वॉर्साला उरलेल्या माझोव्हियापासून आकडेवारीपुरते वेगळे केले आणि लिथुएनियाने व्हिल्नियसच्या परिसराला उरलेल्या देशापासून. कोणाला ही चलाखी वाटेल. मला ती पूर्णपणे तशी वाटत नाही, कारण आधीची सरासरीही काही निसर्गाने घातलेली नव्हती.

म्हणून आपल्या मसुद्याचे दोन तक्ते करावेत, एक जुन्या रेषांचा आणि एक नव्या रेषांचा, आणि प्रत्येक प्रदेश ७५ व १०० टक्क्यांच्या कोणत्या बाजूला पडतो ते पाहावे. एखादे गाव श्रेणी बदलत असेल, तर त्याचे कारण लिहून ठेवावे. हे करताना एका सापळ्याकडे लक्ष द्यावे. उत्पादन मोजले जाते कामाच्या ठिकाणी आणि माणसे मोजली जातात राहत्या ठिकाणी. लक्झेंबर्गमध्ये फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून रोज दोन लाखांहून अधिक लोक कामाला येतात. त्यांच्या श्रमाचे मोल अंशात जाते, ते स्वतः छेदात येत नाहीत आणि देशाचा दरडोई आकडा आहे त्याहून फुगतो. राजधानीभोवती घट्ट रेष आवळली की हाच परिणाम कृत्रिमरीत्या साधता येतो, म्हणून अशा प्रदेशाच्या आकड्यासमोर ये-जा करणाऱ्यांची संख्या लिहिल्याशिवाय तो आकडा वापरू नये.

रोजच्या वाटा

ये-जा हा सीमा आखण्याचा सर्वांत प्रामाणिक आधार आहे, कारण लोक सकाळी सहा वाजता इतिहासासाठी घराबाहेर पडत नाहीत. संघ आणि ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना यांनी शहरी प्रभावक्षेत्राची जी व्याख्या वापरात आणली आहे ती आपल्याला तयार मिळते. एक चौरस किलोमीटरच्या ज्या लगतच्या चौकटींत दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० लोक आहेत आणि ज्यांची एकूण वस्ती किमान ५० हजार आहे, त्या मिळून शहराचा गाभा होतो. आणि ज्या स्थानिक संस्थेतील किमान १५ टक्के नोकरदार त्या शहरात कामाला जातात ती त्याच्या प्रभावक्षेत्रात येते. हा थर नकाशावर ठेवला की जुन्या प्रांतांच्या सीमा कुठे अजून जिवंत आहेत आणि कुठे नुसती शाई उरली आहे, ते दिसू लागते.

देशाच्या सीमेपाशी आल्यावर मात्र हा थर फसवतो. तिथे ये-जा कमी दिसते, पण ती अंतरामुळे कमी आहे की करांचे नियम, विमा आणि पदव्यांची मान्यता यांमुळे, हे आकडा सांगत नाही. सीमेवर १५ टक्क्यांची अट निम्मी करून एक वेगळा थर काढावा आणि दोन्ही थर शेजारी ठेवून पाहावेत. ही निम्मी अट माझी आहे, कोणत्याही कार्यालयाची नाही.

भाषेचा थर नंतर का घ्यावा

भाषावार प्रांतरचनेच्या आठवणीवर वाढलेल्या मराठी माणसाचा हात नकाशा आखताना सर्वप्रथम भाषेकडे जातो. त्यात गैर काही नाही, परंतु हा थर चौथ्या क्रमांकाला ठेवण्याचा आग्रह मी धरतो, आणि त्यासाठी बेल्जियममधील फूरेनकडे बोट दाखवतो. १९६२-६३मध्ये बेल्जियमची भाषिक सीमा कायद्याने पक्की झाली, तेव्हा फूरेनची सहा गावे फ्रेंच भाषक लिएज प्रांतातून काढून डच भाषक लिम्बुर्ख प्रांताला जोडण्यात आली. आता ती गावे एकीकडे लिएज प्रांत आणि दुसरीकडे नेदरलँड्स यांच्या मध्ये, आपल्या नव्या प्रांतापासून तुटून पडली आहेत. तिथल्या अनेक रहिवाशांना हा बदल नको होता. पुढे फ्रेंच भाषकांचे नेते झोझे अपार यांनी डच भाषेत कारभार करण्यास नकार दिला, त्यांच्या महापौरपदाचा वाद वर्षानुवर्षे चिघळला आणि जेमतेम चार हजार वस्तीच्या या प्रश्नावरून १९८७मध्ये बेल्जियमच्या केंद्र सरकारने राजीनामा दिला. बेळगावचे नाव घेऊन मोठे झालेल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

दक्षिण टिरोलने दुसरी वाट दाखवली. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेलेल्या या प्रांतात जर्मन भाषकांचे बहुमत आहे. सीमा परत हलवण्याऐवजी १९४६च्या करारापासून १९७२च्या स्वायत्तता कायद्यापर्यंत अधिकारांचे वाटप बदलत गेले, भाषिक गटांच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्या ठरल्या, आणि ऑस्ट्रिया व इटली यांनी १९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढील आपला वाद मिटल्याचे कळवले. रेष तीच राहिली, तिची कामे बदलली. आपल्या मसुद्यात दोन भाषक एकमेकांत मिसळलेले असतील तिथे रेष नागमोडी करत बसण्यापेक्षा त्या पट्ट्यावर तिरपी रेघोटी मारून ‘दोन्ही भाषांत कारभार’ असे लिहावे. नकाशा दिसायला थोडा गचाळ होतो, हे मान्य.

नाव आणि राजधानी

नकाशा आखणारे या दोन गोष्टी शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात आणि लोक नेमके त्यांच्यावरून रस्त्यावर येतात. १ जानेवारी १९९९पासून पोलंडने ४९ व्हॉयव्होडशिपच्या १६ केल्या. सरकारचा मूळ बेत १२चा होता. ओपोल्येसारख्या प्रदेशांनी जोर लावला आणि संख्या वाढली. बिडगोश्च आणि तोरुन ही सुमारे ४५ किलोमीटरवरची दोन शहरे एकाच व्हॉयव्होडशिपमध्ये आली, तेव्हा तोडगा असा निघाला की केंद्राचा प्रतिनिधी बिडगोश्चमध्ये बसेल आणि निवडून आलेली सभा तोरुनमध्ये. हा तोडगा कामकाजाला गैरसोयीचा असला तरी तो टिकून आहे. आपल्या मसुद्यात तुल्यबळ दोन शहरे असतील, तर कचेऱ्या वाटून देण्याचा पर्याय सुरुवातीलाच लिहावा.

फ्रान्सने २०१६च्या आरंभी युरोपातील आपल्या २२ प्रदेशांचे १३ केले आणि आल्सास, लोरेन व शांपाञ-आर्देन एकत्र आले. नव्या प्रदेशाला शेवटी ‘ग्रां एस्त’ म्हणजे नुसते ‘मोठे पूर्व’ असे नाव मिळाले. आल्सासमधील नाराजी इतकी टिकली की १ जानेवारी २०२१ रोजी त्याच प्रदेशाच्या पोटात ‘आल्सासची युरोपीय सामूहिकता’ ही वेगळी संस्था उभी राहिली. गंमत अशी की आकडेवारीच्या वर्गवारीत जुने आल्सास दुसऱ्या स्तरावरून कधी गेलेच नाही. नवे तेरा प्रदेश पहिल्या स्तरावर बसवले गेले आणि जुने बावीस खाली तसेच राहिले.

कौल घ्यायचा तर कोणाचा

मसुद्याखाली ‘सार्वमत घ्यावे’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. मते कोणत्या घटकात मोजायची, ते आधी लिहावे लागते. ९ डिसेंबर १९५१च्या मतदानाने जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बेर्गची स्थापना ठरली, तेव्हा चार मतदान विभागांपैकी तिघांत बहुमत पुरेसे मानले होते. उत्तर आणि दक्षिण बाडेन एक धरून मोजले असते, तर तिथले बहुमत विलीनीकरणाच्या विरोधात गेले असते. प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेले आणि बाडेनच्या लोकांना पुन्हा विचारायला १९७० उजाडले. तोवर एका पिढीने नव्या राज्यात संसार थाटला होता आणि जवळपास ८२ टक्क्यांनी आहे तेच राहू द्या, असे सांगितले.

याउलट बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग यांचे विलीनीकरण ५ मे १९९६ रोजी फसले. बर्लिनने होकार दिला, ब्रांडेनबुर्गच्या ६२.७ टक्के मतदारांनी नकार. तरीही दोघांचा प्रादेशिक नियोजन विभाग एक आहे, वाहतुकीचे तिकीट एक आहे आणि काही उच्च न्यायालयेही एकत्र आहेत. लग्न मोडले, पण भांडीकुंडी एकत्रच राहिली. मसुदा करणाऱ्याने हा पर्याय नेहमी हाताशी ठेवावा.

करून पाहू: म्यूज आणि ऱ्हाइन यांच्या मधला प्रदेश

आता एक मसुदा प्रत्यक्ष आखून पाहू. आखेन, लिएज आणि मास्ट्रिख्ट ही तीन शहरे तीन देशांत आहेत आणि एकमेकांपासून तीस ते पंचेचाळीस किलोमीटरवर आहेत. पहिल्या फेरीत नेदरलँड्सचा दक्षिण लिम्बुर्ख, बेल्जियमचे लिम्बुर्ख व लिएज हे दोन प्रांत आणि जर्मनीचा आखेन शहर-परिसर घेतला, तर अनुक्रमे सुमारे ६, ९, ११ आणि साडेपाच लाख मिळून साडेएकतीस लाख लोक होतात. दुसऱ्या स्तराची ३० लाखांची मर्यादा ओलांडली गेली. रोजच्या वाटांचा थर ठेवल्यावर बेल्जियन लिम्बुर्खचा पश्चिम भाग लूव्हेन आणि ब्रुसेल्सकडे तोंड करून आहे असे दिसते, म्हणून त्यातून फक्त पूर्वेकडील टोंगेरेनचा भाग ठेवला आणि लिएज प्रांतातून लिएज व व्हेर्विए हे दोनच विभाग घेतले. आता बेरीज साधारण बावीस ते तेवीस लाखांवर येते आणि मसुदा मर्यादेत बसतो.

भाषेचा थर ठेवला की डच, फ्रेंच, जर्मन असे तीन रंग दिसतात. व्हेर्विए विभागात बेल्जियमच्या जर्मन भाषक समुदायाच्या नऊ नगरपालिका आहेत आणि नट्सच्या तिसऱ्या स्तरावर तो विभाग आधीपासूनच फ्रेंच व जर्मन असा दोन संकेतांत विभागलेला आहे, म्हणजे वीट फोडण्याची गरज पडत नाही. फूरेन आपल्या मसुद्याच्या मधोमध येते आणि प्रांताची रेष गळून पडल्यामुळे तुटलेले राहत नाही. राजधानी कोणती? मी तिन्ही शहरांना वगळले. या भागात १९७६पासून म्यूज-ऱ्हाइन युरोप्रदेश नावाचे सहकार्य चालू आहे, त्याचा विस्तार सुमारे ४० लाख लोकांचा आहे आणि त्याचे कार्यालय बेल्जियमच्या जर्मन भाषक भागातील ऑयपेन या छोट्या गावी आहे. ही निवड विचारपूर्वक उचलण्यासारखी वाटते.

इथवर आल्यावर कायद्याची भिंत लागते, कारण नट्सचा कोणताही घटक देशाची सीमा ओलांडू शकत नाही. सीमेपलीकडचा प्रदेश कायद्यात उभा करायचा तर २००६च्या १०८२ क्रमांकाच्या नियमाने दिलेला ‘प्रादेशिक सहकार्याचा युरोपीय गट’ हाच मार्ग उरतो. म्यूज-ऱ्हाइनने तो २०१९मध्ये स्वीकारला. अशा गटाला स्वतःची कायदेशीर ओळख, कर्मचारी आणि अर्थसंकल्प मिळतो. पोलीस, न्यायदान, नियम करण्याचे अधिकार आणि परराष्ट्र धोरण मात्र त्याच्या हाती देता येत नाही. म्हणून आपल्या मसुद्यासोबत गटाच्या कामांची यादी जोडावी आणि ती आखूड ठेवावी: रुग्णवाहिका व अग्निशमन, बसचे तिकीट, एखादे रुग्णालय, सांडपाणी. या भागात ‘एम्रिक’ नावाच्या सहकार्यातून आणीबाणीची मदत सीमेपलीकडे पाठवली जातेच. रुग्णालयाचा नमुना हवा असेल, तर पिरेनीज पर्वतात फ्रान्सच्या हद्दीला खेटून स्पेनच्या कॅटलोनिया प्रदेशातील पुइग्सेर्दा येथे २०१४मध्ये सुरू झालेले सेर्दान्या रुग्णालय पाहावे. त्याचा भार कॅटलोनिया आणि फ्रान्स ६० व ४० टक्के असा उचलतात. एकाच इमारतीत दोन्ही बाजूंचे रुग्ण दाखल होतात, पण फ्रेंच बाईचे बाळ तिथे स्पेनमध्ये जन्मलेले ठरते. असे कागद किती निघतील याचा अंदाज यादीसमोर लिहावा.

शेवटची तपासणी पत्त्यावरून करावी. बार्ले या गावात बेल्जियमचे २२ तुकडे नेदरलँड्सच्या हद्दीत विखुरलेले आहेत, काही घरांच्या मधून सीमा जाते, आणि तिथे पिढ्यान्पिढ्या चालत आलेला रिवाज असा की घर कोणत्या देशाचे हे पुढच्या दारावरून ओळखावे. आपल्या मसुद्यातील नव्या रेषेला लागून असलेली दहा घरे निवडावीत आणि प्रत्येक दारात उभे राहून चार प्रश्न विचारावेत: रात्री रुग्णवाहिका कुठून येईल, कचरा कोण उचलेल, मूल कोणत्या भाषेच्या शाळेत जाईल आणि कर कुठे भरला जाईल. चारपैकी ज्या प्रश्नाचे उत्तर जुन्या रेषेपेक्षा वाईट येईल, त्या कामापुरती नवी रेष पुसावी आणि जुनीच ठेवावी. माझ्या मसुद्यात दहापैकी सहा घरांच्या बाबतीत शाळेची रेष मला अशी परत जुन्या जागी न्यावी लागली. करांच्या रेषेला तर मी हातच लावला नाही.